जुन्या वेशीवरून सरळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. भावाला, दत्ताला, तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. पण मऊ आवाजात सांगता येणार नाही — राग अजून गेलेला नाही.

आमचे वडील, आबा, तरुणपणी कोकणात होड्या बांधायच्या कामावर होते. बीडकडं परत आले तेव्हा आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, आणि गावातले निम्मे लोक मच्छीमार सोसायटीचे सभासद झाले होते. सगळ्यांच्या होड्या सपाट बुडाच्या, वल्ह्याच्या. आबांनी मात्र सागवानाची, खोल तळाची होडी बांधली आणि तिला गेरूच्या रंगाचं शीड चढवलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही शिडं लावली. मग दर धुळवडीला शर्यत — पलीकडच्या टेकडीखाली रोवलेल्या बांबूला वळसा घालून परत.

आमच्या होडीचं सुकाणू मी धरायचे. तुम्ही कधी धरलंय? वारा शिडात भरला की होडी एका अंगावर कलते, काठ पाण्याला टेकतो, आणि सुकाणू हातात जित्या जनावरासारखं थरथरतं. जरा सैल सोडलं की गेलं. त्या वेळी मी कुणाची लेक नव्हते, कुणाला दाखवायची पोरगी नव्हते. मी जिंकायचे. दर वर्षी जिंकायचे!

मग दुष्काळ आला. पाणी आटत आटत उथळ झालं; खोल राहिला तो फक्त धरणाच्या भिंतीलगतचा डोह. मासळी उरली ती तिथंच. सोसायटीनं ठरवलं, यंदा शर्यत जिंकंल त्यानंच उन्हाळाभर डोहात जाळं टाकायचं.

आणि चेअरमन आमच्या दारात आले. "आबा, पोरीचं लगीन ठरलंय. आता तिला होडीत बसवून सोसायटीचं हसं करू नका. दत्ताला बसवा."

मी आबांकडं बघत होते. ज्यांनी मला वारा वाचायला शिकवला, ते काहीतरी बोलतील ना?

"बरं हाय," आबा म्हणाले.

बास. एवढंच. चेअरमनला चहा मीच दिला. कप आपटावासा वाटला. आपटला नाही. आपटला असता तर पुढचं टळलं असतं का? — जाऊ द्या. तसं म्हणायचा मला हक्क नाही.

धुळवडीच्या सकाळी दत्ता माझ्याकडं आला. धाकटा भाऊ, भ्यालेला. म्हणाला, "आक्का, बुडालेल्या गावाला वळसा घालून गेलो तर मागं पडतो. जुन्या गावावरून सरळ जाऊ का? पाणी किती हाय तिथं?"

आदल्या दिवशी मी तिथंच धुणं धुतलं होतं. जुन्या वेशीचे दगड पाण्याखाली दिसत होते. त्यांच्यावरचं शेवाळ हलताना दिसत होतं. सपाट होडी कशीबशी गेली असती. आमची नाही.

"लई खोल हाय," मी म्हणाले. "जा बिनधास्त."

काठावर बायांमध्ये उभी राहून मी बघत होते. होडी काय सुंदर पळत होती! शीड ताठ भरलेलं, ऊन लागून तांबडं झालेलं, पुढं पांढरं पाणी फुटतंय. दत्ता चांगला चालवत होता. माझ्याइतका चांगला — तेही मला सहन झालं नाही. बाकीच्या होड्या लांब मागं राहिल्या. त्यानं सुकाणू जुन्या गावाकडं वळवलं.

आवाज काठापर्यंत आला. लाकूड फुटल्याचा.

आता ऐका — खोटं बोलले हे तर आहेच, पण त्याहून वाईट सांगायचंय. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. शीड आडवं झालं, आबा धोतरासकट पाण्यात धावले, फळी आणि दगडाच्या मधी अडकलेला दत्ताचा गुडघा सोडवायला लागले, दत्ता ओरडत होता — आणि मला बरं वाटत होतं. घ्या म्हणावं. करा आता शर्यत.

दत्ताचा पाय कायमचा अधू झाला. डोह चेअरमनच्या पुतण्याला गेला. त्या दिवाळीनंतर आबा आणि आई त्या वयात ऊस तोडायला गेले. दत्तानं आबांना एवढंच सांगितलं होतं, "मला वाटलं पाणी खोल असंल." माझं नाव त्यानं घेतलंच नाही. मला वाचवलं, की त्याला संशयच आला नाही? मी कधी विचारलं नाही.

आणि आबा? त्यांनी सगळा दोष स्वतःच्या हाताला दिला. होडीचा तळ आपण उगाच खोल ठेवला म्हणायचे. त्यानंतर त्यांनी होडी बांधली नाही, रंधा हातात धरला नाही.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. म्हणाले, "रुक्मे, तुला तर समदं कळतं. तळ किती वर घ्यायला पायजे होता गं?"

सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं.

"वीतभर, आबा," मी म्हणाले.

त्यांनी बोटं पसरून वीत मोजली, आणि मान हलवली.