दापोडी ते चाकण, एका अपिलाच्या शोधात

सोलापूरहून निघालो होतो एका प्रवासलेखासाठी चाकणचे कारखाने पाहायला. पण दापोडीत ज्यांच्या घरी उतरलो त्या रफिकभाईंनी मला आधी वकिलांकडे नेलं. रफिकभाई माझ्या मेहुण्यांचे शेजारी. चाकणच्या एका कंपनीत मशीन दुरुस्त करायचे. कंपनीनं त्यांना काढलं. कामगार न्यायालयानं परत घ्यायला सांगितलं, तर कंपनी रिट घेऊन मुंबईला हायकोर्टात गेली आणि एका न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. आता तिथंच दोन न्यायमूर्तींपुढे अपील चालेल का, यावर त्यांची नोकरी अडकली होती.

वकीलबाईंचं ऑफिस संत तुकाराम नगरात. रिक्षात रफिकभाई खुशीत होते. कंपनीच्या अर्जावर घटनेची दोनशे सव्वीस आणि दोनशे सत्तावीस अशी दोन्ही कलमं होती, आणि सव्वीसला अपील असतं हे अख्ख्या शिफ्टनं त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मला कायद्यातलं ओ का ठो कळत नाही, तरी पटलं.

बाईंनी अर्ज बाजूला सारून निकालच सावकाश वाचला.

"दोन्ही कलमं टाकायची आम्हा वकिलांची सवयच आहे," त्या म्हणाल्या. "कोर्ट मथळा बघत नाही, न्यायमूर्तींनी काय केलं ते बघतं. त्यांनी मूळ अधिकारात रिट ऐकली असती तर अपील होतं. इथं त्यांनी खालच्या कोर्टावर फक्त देखरेख केलीय. ते सत्तावीस. त्यावर हायकोर्टातल्या हायकोर्टात अपील नाही. आता दिल्ली, आणि तिथंही आधी परवानगी मागायची."

रफिकभाईंनी मान हलवली. मग ठरल्याप्रमाणे मला चाकणला नेलं. चौकात नव्या गाड्या लादलेल्या ट्रेलरांमागे आम्ही बराच वेळ अडकलो. कंपनीच्या गेटसमोर चहा घेतला, सोबत तिखटजाळ मिसळ. शिफ्ट सुटली तसे त्यांचे जुने सोबती जमले. जवळच्याच गावचे एक काका ऐकेनात.

"सव्वीस हाय की राव त्याच्यावर. आमी सोता वाचलंय."

रफिकभाईंनी त्यांना समजावलं. चहा संपला, माणसं पांगली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ते मला गाडीवर सोडायला आले.

"मुंबईला मी प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसायचो," ते म्हणाले. "कळायचं काही नाही, पण जजसाहेबांना दिसायचो तरी. तुम्ही एवढं फिरता, भाऊ. दिल्लीच्या कोर्टात आपल्यासारख्याला आत सोडतात का?"

मला माहीत नव्हतं. ती इमारत मी बसमधून पाहिलेली. दिल्लीवर माझा एक भलामोठा लेख आहे, लोकांना आवडलेला. सोलापूर येईपर्यंत तो आठवून पाहिला. रफिकभाईंच्या उपयोगाचं त्यात एक वाक्य नाही.