फड्या निवडुंगाची बोंडं

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझ्या चार वर्षांच्या लेकीला डांग्या खोकला झाला. परंड्याच्या दवाखान्यातलं औषध संपत आलं, तरी पोर खोकता खोकता निळी पडायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी चुलीपाशचा चिमटा उचलला आणि खोकल्यावर द्यायची निवडुंगाची बोंडं तोडायला किल्ल्याच्या खंदकाकडं गेले.

माहेरी आईनं शिकवलं होतं, निवडुंग आधी खरवडून बघायचा. दुधासारखा चीक आला तर मागं फिरायचं. चपट्या फड्याला चीक नसतो. बोंड, म्हणजे त्याचं फळ, घ्यायचं तेही बुडापर्यंत जांभळं झालेलंच. मी बोंडं आणून गोणपाटावर घोळली, निखाऱ्यांच्या आरावर धरून बारीक कुसं जाळली, आतला काटा काढला आणि रस गुळात आटवला. हे सगळं अंगणात तीन दगडांवर, कारण सासूबाईंच्या लेखी निवडुंग म्हणजे विषच.

पोरीला दोन चमचे पाजले. सकाळी तिची लघवी लालभडक!

"रगात मुततंय लेकरू! हिनं इख घातलं!" सासूबाईंनी गल्ली गोळा केली. दवाखान्यातला कंपाउंडर आला, लांबूनच बघून म्हणाला, "ही आई हाय का वैरीण?" नवरा आईपुढं मुका. सासूबाईंनी पोरीला उचललं. "आजपासनं ही माझ्यापाशी. तू हात लावायचा न्हाय."

मला रडू आलं नाही, संताप आला. बोंडाचा रंग लघवीत उतरतो हे मी घसा फोडून सांगत होते, ऐकतंय कोण? उरलेली सगळी बोंडं मी गल्लीदेखत खाल्ली. ओठ, हनुवटी, पदर, सगळं जांभळं.

"मेले तर जाळा," मी म्हटलं, "न्हाय मेले तर पोरगी माझी."

दुसऱ्या दिवशी लाज गुंडाळून ठेवली आणि फुटक्या मडक्यात धरलेली माझी लघवी सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली. तशीच लाल.

"आत्याबाई, हे बी रगातच का? मग मी उभी कशी?"

सासूबाई पोरीला माझ्यापुढं ठेवून आत गेल्या.

खोकला पुढं हळूहळू बरा झाला. बोंडानं गेला की दुखण्याची मुदत भरली म्हणून, देव जाणे. पण माझ्याच लेकराची आई असल्याचा पुरावा मला मडक्यात द्यावा लागला, तो राग अजून गेलेला नाही. मी जाऊही देणार नाही.