बोलुंबूच्या नावाची जागा

किन्शासाच्या लेंबा वस्तीत एलेंगाचं गाणं ऐकलं नाही असा माणूस नाही, आणि एलेंगानं गाण्यात नाव घेतलं नाही असा माणूसही शोधावाच लागेल. रीतच तशी. गाणं रंगात आलं की ऐकणारा हात वर करून डुलत डुलत पुढे येणार, नोटेला थुंकी लावून ती गवयाच्या कपाळावर चिकटवणार, आणि गवयानं पुढच्या ओळीत त्याचं नाव उंच फेकायचं. याला सगळे ‘दगड मारणं’ म्हणतात. दगड नेमका लागला की माणूस आठवडाभर छाती काढून हिंडतो.

एलेंगानं बावीस वर्षं असे दगड मारले. हात वर दिसला की तोंडातून नाव सुटलंच! एकदा चर्चमध्ये फादरनी आशीर्वादाला हात उचलला, तर हा मागच्या बाकावरून गरजला, “फादर बोनाव्हांतूर, लेंबाचा बिबट्या!” फादर रागावले म्हणता? छे हो! पुढच्या रविवारी हात जरा जास्तच वेळ वर होता.

नाव घ्यायचं राहिलं ते एकाच माणसाचं. बायकोचं, बोलुंबूचं.

आणि आता एलेंगाची पहिली रेकॉर्ड निघायची होती. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता, स्वतःच्या हिमतीवर. गाणं नदीच्या धक्क्यावर टोपली घेऊन वाट बघणाऱ्या बाईचं, म्हणजे बोलुंबूचंच.

“बिजूचे बाबा,” उखळात भाजीसाठी पोंडूचा, म्हणजे कसाव्याचा, पाला कुटत ती म्हणाली, “त्या मासळीवाल्या न्झेबाचं नाव एका गाण्यात तीनदा घेता. मी काय तुमच्या घरात भाड्यानं राहते?”

“अगं, ती नोट लावते.”

“आणि मी रोज ताट लावते ते? ऐकून ठेवा. ह्या रेकॉर्डमध्ये माझं नाव आलं नाही, तर हे मुसळ तुमच्या हातात.”

एलेंगानं लेकीची शपथ घेतली. शेवटच्या कडव्यानंतर गिटार क्षणभर थांबते, ती मोक्याची जागा त्यानं बायकोसाठी राखली.

बाकीच्या जागांवर वस्ती तुटून पडली. म्बाकी शिंप्यानं सूट शिवून आणला. “फुकट आहे, पापा एलेंगा. फक्त माझं नाव दोनदा.”

“अरे, रेकॉर्डमध्ये सूट कोण बघतो?”

“आवाजात दिसतो!”

न्झेबानं वाद्यं न्यायला हातगाडी दिली, घरमालकानं नुसतं रोखून बघितलं. करता करता चार मिनिटांच्या गाण्यात चौदा नावं झाली. लग्नपत्रिका परवडली.

देओचा स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मध्ये काच, पलीकडे एकटा देओ. टाळी नाही, बाटल्यांचा खणखणाट नाही. एलेंगाला वाटलं, आपण आजाऱ्याच्या उशाशी बसून गातोय.

“पापा, जरा जीव ओता की!”

“कुणाकडे बघून ओतू? गादीकडे?”

“बरं, शेवटच्या नावाला मी खूण करीन.”

दोनदा फसलं, तिसऱ्यांदा गाणं जमलं. गिटार थांबली. बोलुंबूची जागा आली. काचेपलीकडे देओनं खूण म्हणून हात वर केला. सकाळपासून एलेंगाला दिसलेला पहिला वर केलेला हात!

“देओ! लेंबाचा बिबट्या!”



“पुन्हा घेऊ,” एलेंगा घाम पुसत म्हणाला.

देओ तेवढाच तुकडा डोळे मिटून परत परत ऐकत होता. “कशाला, पापा? फार झकास आलंय.” तेवढ्यात पुढचे बँडवाले दार ठोठावायला लागले. वेळ संपली होती.

गुरुवारी रेडिओवर गाणं लागलं. अख्खं अंगण जमलं. म्बाकीनं आपलं नाव दोनदा ऐकलं आणि गेला. न्झेबा तिचं ऐकून गेली. शेवटी रेडिओपाशी बोलुंबू एकटीच उरली. देओचा बिबट्या ऐकून तिनं रेडिओ बंद केला आणि मुसळ आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. तीन दिवस घरात विकतची कसाव्याची चिक्वांग, तीही कोरडी.

रविवारी दुपारी बारच्या अंगणात एलेंगा गायला उभा राहिला. तोंड आधीच उतरलेलं. इतक्यात गर्दीतून बोलुंबू आली. कमरेला गुंडाळलेलं नवं छापील कापड, हात वर, डुलत डुलत. नोटेला भरपूर थुंकी लावून तिनं ती नवऱ्याच्या कपाळावर थापली. आता रीत ती रीत!

“बोलुंबू!” एलेंगानं दगड मारला. नोट ओली, ती घसरून दोन्ही डोळ्यांवर आली. म्बाकीनं एक हात वर केला, मग दोन केले. न्झेबानं टेबलावर चढून केले. गवयाला दिसतंय कुठे! तो धक्क्यावरच्या त्या बाईचं गाणं गात होता, आणि गिटार थांबेल तिथं एकच नाव. लोक आपापली नावं विसरून नाचले.

“पापा, हे रेकॉर्डमध्ये का नाही आलं?” देओनं कोपऱ्यातून विचारलं.

“तू हात वर केलास म्हणून!”

घरी आल्यावर बोलुंबूनं नोट सोलून काढली. “तुमच्याच पँटच्या खिशातली आहे. मिठाला लागेल.”

“आता मुसळ घेतेस ना परत?”

“बोली रेकॉर्डची होती, बिजूचे बाबा. बारची नव्हे.”

तेव्हापासून पोंडू एलेंगा कुटतो. दर घावाला “बोलुंबू! बोलुंबू!” म्हणतो, शेजारणी फिदीफिदी हसतात, आणि ती उंबऱ्यात बसून सांगते, “ताल चुकतोय.”