आधी बरणीत, मग गाडीत

गॅरेजवाले मिस्त्री कुठलीही नवी नळी गाडीला लावण्याआधी भिजवून बघत. त्यासाठी बायकोच्या चांगल्या बरण्या त्यांनी मागच्या गॅलरीत पळवल्या होत्या. एकीत पेट्रोल, दुसरीत ब्रेकचं तेल, आणि प्रत्येकीत नळ्यांचे तुकडे पोहत असायचे. गिऱ्हाईकाने घाई केली की मिस्त्री खवळायचे.

"पाण्याची नळी पेट्रोलला लावली तर फुगून लिबलिबीत होते! आणि ती पारदर्शक प्लॅस्टिकची, दिसायला देखणी, ती चार दिवसांत कडक होऊन तडकते! घाई असेल तर चालत जा!"

एके दिवशी मुलीने आपण पसंत केलेला मुलगा घरी आणला. मिस्त्रींनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"दिसायला बरा आहे. पण दिसण्यावर मी नळीसुद्धा घेत नाही. वर्षभर थांबा, भिजवून बघू."

मुलीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बायको आतून बाहेर आली.

"मला पाहिल्या पाहिल्या होकार दिलात, तेव्हा कुठे होती हो बरणी?"

"तेव्हा अक्कल नव्हती," मिस्त्री बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"मला होती," बायको शांतपणे म्हणाली. "मी तेव्हापासून तुम्हाला भिजवूनच बघतेय. कडक झालात, जागोजागी तडकलात. अजून गळत नाही, म्हणून बदललं नाही एवढंच."

मिस्त्री घाईघाईने मुलाकडे वळले.

"अहो जावईबापू, उभे का? बसा ना!"