चार गोण्यांचा नमस्कार

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं. पण त्या हिवाळ्याचं आठवलं की अजून छाती धडधडते, म्हणून लिहिते.

तलासरीकडे आमच्या पाड्यावरच्या शाळेत मी खिचडी शिजवते. मोठ्या माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही. एकदा पोरांचा चेंडू चुलीपाशी आला, मी परत फेकला, तो थेट खेळ शिकवणाऱ्या सरांच्या हातात. सर ओरडले, "मावशी, काय हात आहे तुमचा!" तेव्हापासून पहिली-दुसरीच्या पोरांना सॉफ्टबॉल शिकवायला त्यांनी मला सोबत घेतलं. वर्षभरात सरांची बदली झाली. एक बॅट, दोन चेंडू आणि मी, एवढंच मागे राहिलो. पोरं रोज भांडी घासताना पदर ओढायची, "मावशी, चला ना!"

एवढ्या लहानांना टाकलेला चेंडू मारता येत नाही. मी बांबू रोवला, टोकाला पाण्याच्या बाटलीचं कापलेलं तोंड बसवलं, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. धावून गाठायचे चार बेस मी शाळेच्या तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत पेंढा भरून शिवले.

नुसत्या हाताने चेंडू झेलून पोरांचे तळवे सुजायचे. हातमोजे हवे होते. बचत गटाकडे दीड हजार मागितले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बकरीला पैसे देतो आपण. चेंडूफळीला नाही."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "खिचडीत मीठ विसरते, आता पोरांना खेळ शिकवणार!"

सगळ्या हसल्या. शेवटी पैसे मिळाले, पण अट घालून. होळीपर्यंत व्याजासकट फेडायचे, नाहीतर घेतलेले आठ हातमोजे विकायचे. माझं मानधन थोडं, तेही महिनोन् महिने येत नाही. त्यात पाचशेच्या नोटा बंद झालेल्या, उसनं कोण देणार? तेवढ्यात बाईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने सांगितलं की डहाणूच्या एका शाळेने लहान मुलांचा सामना ठेवलाय, जिंकणाऱ्यांना दोन हजार. मला तर रात्री झोप लागेना.

सरावात मात्र एक घोळ होता. पोरगं धावत यायचं, गोणीवर पाय टेकवायचं, आणि लगेच पाय उचलून बाजूला व्हायचं. वाकून गोणीला हात लावायचं, तो हात कपाळाला. तेवढ्यात दुसरं पोर चेंडू घेऊन त्याच्या अंगाला टेकवायचं. बेसवरून पाय सुटला असताना चेंडू अंगाला लागला की आऊट! चूक माझीच. तांदूळ म्हणजे लक्ष्मी, अन्नाला पाय लागला तर पाया पडा, हे रोज दुपारी पंगतीत मीच शिकवलेलं. ते मोडा असं कोणत्या तोंडाने सांगणार? वाटलं, डहाणूला रबराचे बेस असतील, तिथे कोण वाकतंय.

सामन्याच्या दिवशी जीपमध्ये पोरं एकमेकांच्या मांडीवर. विवळवेढ्याला महालक्ष्मीचा डोंगर दिसला तसे सगळ्यांनी गाडीतूनच हात जोडले. ड्रायव्हर म्हणाला, "एकदा मनापासून जोडले की झालं. मी काय रोज थांबतो?"

शहरातल्या पोरांना बूट, टोप्या. बेस पांढरेशुभ्र. आमचा पहिला धावला, पाय टेकवला, आणि सवयीने वाकला! आऊट. दुसरी वाकली, आऊट. खुर्च्यांवरच्या आया हसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, हे देवदर्शनाला आलेत की खेळायला?" माझ्या डोळ्यांपुढे आठ हातमोजे बाजारात मांडलेले दिसायला लागले.

बाई म्हणाल्या, "जा ना मावशी, तुमचंच ऐकतात ती."

एवढ्या लोकांपुढे जायचं? पण ड्रायव्हरचं बोलणं आठवलं आणि मी सगळ्यांसमोर मैदानात गेले. पंचांना हात जोडून थांबवलं. चपला काढल्या. पोरांना मागे घेऊन चारही बेसच्या पाया पडले आणि म्हणाले, "आज दिवसभराचा नमस्कार झाला. आता कितीही पाय लागू दे, पाप नाही."

"नक्की ना मावशी?"

"नक्की. माझ्यावर."

मग काय पळाली पोरं! धूळच धूळ. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, "पळ! पळ!" हा माझा आवाज आहे यावर माझाच विश्वास बसेना. शेवटची सगळ्यात लहान, बॅट तिच्याहून जड. तिने मारलं, चेंडू खुर्च्यांखाली गेला, ती एक, दोन, तीन बेस ओलांडून शेवटच्यावर दोन्ही पायांनी उडी मारून उभी! आणि तिथूनच ओरडली, "मावशी, आता पाया पडू?"

"पड गं बाई, पड!"

हसणाऱ्या आयाच टाळ्या वाजवत होत्या.

एका धावेने हरलो. बक्षीस गेलं. पोरांना ते कळलंच नाही, ती नाचत होती. मी हातमोजे मोजून गोणीत भरत होते तेव्हा डहाणूच्या त्या शाळेच्या मॅडम आल्या. "आमची पोरं एकमेकांची टोपी पाडण्यात दंग. तुमची मात्र डोळे मिटून ऐकतात. शनिवारी दुपारी आमच्या छोट्यांना शिकवाल? येण्याजाण्याचं भाडं आणि वर दोनशे."

मी मान डोलावली. सगळा आवाज मैदानात संपला होता.

एकही शनिवार चुकवला नाही. होळीच्या आधीच्या बैठकीत शेवटचे दोनशे ठेवले. अध्यक्षीणबाईंनी मोजले, टोमणेवालीने पुन्हा मोजले आणि विचारलं, "माझ्या नातवाला घेशील का खेळायला?"

"घेईन की," मी म्हणाले. गटाच्या वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली गेली. व्याजासकट सगळे पैसे फिटले.