निप्परमावशींचा रोबोट

मी आवळलेला बोल्ट आजवर कुणाच्या बापाला सुटलेला नाही, अख्ख्या चाकणमध्ये विचारा. म्हणूनच निप्परमावशी मला त्यांच्या रोबोटला हात लावू देत नव्हत्या.

निप्पर म्हणजे प्लास्टिक कापायची बारकी पक्कड. मावशींचा जन्म गेला भोसरीच्या एका मोल्डिंग कंपनीत, पार्टच्या कडेचं फालतू प्लास्टिक कापण्यात. रिटायर झाल्या तेव्हा कंपनीनं साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मावशींनी घड्याळ परत केलं. "वेळ लय बघितली. माझा निप्पर द्या," म्हणाल्या. तेव्हापासून तो कायम कमरेला. मावशी भेंडीपण निप्परनंच कापतात असं मी बिल्डिंगभर सांगत सुटलो. त्यांच्या कानावर गेलं आणि माझी भेंडीची भाजी बंद झाली.

रोबोटचा नाद नातीमुळं लागला. जावयानं नाशिकला पोरीसाठी एक डबा आणला, पोरीनं उघडला आणि कंटाळून टाकून दिला. मावशी तो उचलून मोशीला, आमच्या बिल्डिंगमध्ये घेऊन आल्या. आत चौकटीला चिकटलेले बारके बारके पार्ट. एकेक कापायचा, घासायचा, एकमेकांत बसवायचा. ना स्क्रू, ना गोंद. सगळं जमलं की कंबर फिरवायची, पाय दुमडायचे, उभ्या माणसाचा ट्रक होतो. परत उलगडला की माणूस. हळूहळू शोकेसमधल्या कपबश्या खाली गेल्या आणि वर रोबोट उभे राहिले.

मी वरच्या मजल्यावरचा. गुरुवारी कंपनीला सुट्टी, बायको म्हणायची, "पायात येऊ नका, जा कुठंतरी." मी मावशींच्या दारात. मी म्हणायचो, "जय भीम, मावशी." त्या म्हणायच्या, "जय भीम. हात धुतलेस का?" आता नखातलं ग्रीस काय साबणाला ऐकतं का? मग माझ्याकडं एकच काम, खाली पडलेला पार्ट शोधायचा. एकदा रोबोटचा कान शोधत मी कॉटखाली लोळलो, धूळ खाल्ली, डोकं आपटलं. कान माझ्याच ढोपराला चिकटला होता.

"राहू दे तिथंच," मावशी म्हणाल्या. "कॉटखाली बरा दिसतोस."

डब्यातला कागद जपानीत असायचा. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मावशी, मला वाचता येत न्हाई. चौथीत मास्तरांनीच माझ्यापुढं हात जोडले."

"मग मला कुठं जपानी येतंय? चित्र बघ गप."

कागदापुढं कुणाच्या तरी जोडीनं अडाणी बसायची ती माझी पहिलीच वेळ. लय बरं वाटलं, राव.

घाईनं वाकवलं की प्लास्टिक पांढरं पडतं. तसं दिसलं की मावशी हातातलं खाली ठेवायच्या. "दुखतंय त्याला. माणूस निदान बोंबलतो तरी." माझ्याकडं बघून म्हणायच्या, म्हणून लक्षात राहिलं.

मग मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एकटीनं राहायला नको म्हणून मुलीनं कायमचं नाशिकला बोलावलं. नातीनं फोनवर अट घातली, "आजी, मोठ्या रोबोटचा ट्रक झाला तर माझ्या खोलीत ये. नाहीतर हॉलमध्ये झोप." मावशी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र म्हणाल्या, "जावयाच्या घरात हॉलमध्ये अंथरूण पसरायचं म्हणजे रोज पाहुणी. खोली मिळाली पाहिजे रे."

मावशी तेव्हा जोडत होत्या तो मोठा रोबोट झाला होता, फक्त कंबर बसवायची राहिली होती. डॉक्टरनं वाकून बारीक काम करायला मनाई केलेली. निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी माझे हात तीनदा धुवून घेतले आणि रोबोट माझ्या मांडीवर दिला.

"टक् वाजलं की थांब. आवळू नकोस."

टक् वाजलं. मी थांबलो, देवाशपथ. पण हात कंपनीचा. लाईनवर बोल्ट बसला की आम्ही वरून अजून एक दाब देतो आणि त्यावर पिवळ्या मार्करची रेघ मारतो, म्हणजे पुढच्याला कळतं की हा आवळून झालाय. दाब देऊन झाला, खिशातला मार्कर निघाला, रेघ मारून झाली, मग मला मी दिसलो.

कंबर फिरवायला गेलो तर अर्ध्यात अडकली. वर माणूस, खाली चाकं. डबल शिफ्ट करून आलेला मीच जणू. मी ओढायला लागलो तर सांधा पांढरा पडायला लागला.

"सोड. दुखतंय त्याला." एवढंच बोलल्या. शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी घशाखाली गेलं असतं. त्यांनी तो तसाच साडीत गुंडाळला आणि सकाळी टेम्पोत बसून गेल्या.

पुढच्या गुरुवारी व्हिडिओ कॉल आला. मी घाबरत उचलला. समोर गुलाबी भिंत, गुलाबी पलंग, त्यावर मावशी, मांडीवर तोच रोबोट. नात मधे तोंड घालून म्हणाली, "हा आजारी आहे. आजी त्याला रोज थोडं थोडं सोडवते. बरा होईपर्यंत दोघं माझ्याच खोलीत राहणार."

मी फुगलो. "बघा मावशी! कुणामुळं मिळाली खोली? येत्या गुरुवारी येतोच, कंबर सोडवून देतो."

मावशींनी रोबोट हळूच पाठीमागं सरकवला.

"ये, जेवायला ये. पण हात मोशीलाच ठेवून ये. घास मी भरवीन."