पलूसला धाडलेली चिनी पुडी

आमच्या गल्लीतनं परदेशी सायबाबरोबर रोज जेवाय बसनारा पहिला गडी मीच. म्हंजे जेवायचो दोघं, ताटं उचलायचो मी.

पलूसच्या स्टँडवर आई, दादा आनि माझी बायको सुनंदा सोडाय आलती. दादा माझा थोरला भाऊ, द्राक्षाची बाग त्योच बघतो. मी बागंत गेलो की येलाखाली झोपायचो. शेवटी त्योच म्हनला, "तू रानात असलास की माझं काम डबल हुतं रं. एक बागंचं, एक तुला उठवायचं." म्हनून ओळखीनं मला खंडाळ्याकडं एका कारखान्याच्या कँटीनमधी चिकटवला. सुनंदानं माझ्या पिशवीची गाठ सोडली आनि परत बांधली, दोनदा. आईनं एसटीच्या खिडकीतनं हात आत घातला आनि म्हनली, "दिस मावळायच्या आत जेव. बाकी काय बी कर." आमी जैन मानसं, अंधारात जेवत न्हाई.

उंब्रजपतुर मी शेजारच्याला विनोद सांगत हुतो. त्यो उतरला आनि मला रडू आलं. कुनी बघाय नसलं की मला रडू येतं, ही माझी जुनी खोड हाय.

गावात राहिलेल्यांनो आनि माझ्यासारखं भायेर पडलेल्यांनो, मला लिवाय येत न्हाई. शाळंत मी जेवढ्या येळा दारातनं आत गेलो, त्यापेक्षा जास्त येळा भिंतीवरनं भायेर आलो. मी बोलतोय आनि ह्यो फोन लिवतोय. चुकलं तर फोनला शिव्या घाला.

कँटीनमधी मी रोज दोन पोती बटाटा सोलतो. आमच्यात जमिनीखालचं खात न्हाईत, कांदा बटाटा कायच न्हाई. म्हंजे सोलायचं समदं, खायाचं काय न्हाई. आईला ह्ये अजून सांगितलं न्हाई. साडेपाचला अख्ख्या हॉलमधी मी एकलाच जेवाय बसायचो. पंखा लावला की सुपरवायझर म्हनायचा, "एका मानसासाठी कशाला?" मग बिनपंख्याचं. गावाकडं ह्याच येळंला समदी एका पंगतीला बसत्यात, दादा शेवटची भाकरी कुनाची त्यावरनं भांडतो. हितं शेवटची बी माझी आनि पहिली बी माझीच. भांडाय कुनी न्हाई.

मग चीनमधनं मशीन बसवाय लिऊ सायेब आला. त्योबी संध्याकाळी लवकर जेवायचा, त्योबी एकला. दोघांसाठी पंखा लागला. त्यो आपल्या फोनमधी चिनी बोलायचा आनि फोन मराठी बोलायचा. फोनची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. पहिल्यांदा मला "आपण कसे आहात" कुनी इचारलं असंल तर त्या फोननं.

दुसऱ्या वर्सी सुनंदाच्या छातीत गाठ निघाली. सांगलीला ऑपरेशन झालं तवा मी गेलतो. डॉक्टर गाठीचं सांगाय लागलं आनि मी तिथंच आडवा झालो. बायको आत, नवरा भायेर, दोघांस्नी सलाईन. दादा म्हनला, "पुढच्या टायमाला तुझी बी फाईल काढूया का?" त्यानंतर केमो चालू झाली, आनि मी गेलो न्हाई. रजा न्हाई म्हनून सांगितलं. रजा हुती. धीर न्हवता.

जायाचं जमंना, म्हनून काय तरी धाडायचं. लिऊ सायबाला सांगितलं. त्याच्या बहिनीला ह्योच आजार झालता. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी आनली. पिवळ्या मुळीच्या चकत्या, लाल खजुरासारखी फळं, बारीक लाल मनुकं. उकळून प्यायचं, अंगात ताकद ऱ्हाती म्हनं. फोन म्हनला, "प्रथम रुग्णालयातील डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तरच घ्या." मला एवढंच ऐकू आलं, घ्या.

मुळी बघून घरात कोर्ट बसलं. जमिनीखालचं कसं चालंल? आईनं निकाल दिला, "वाळलंय न्हवं? हळद चालती, सुंठ चालती, मग हीबी चालती." सुनंदा रोज उकळून प्यायला लागली. मी फोनवर बजावलं, "डॉक्टरला सांगू नगं. त्यांस्नी असलं आवडत न्हाई." ती म्हनली, "बरं."

महिन्यानं लिऊ सायबानं एक बारकी डबी दिली. त्याच्या आईनं त्याच्यासाठी धाडलेली, लय भारी वस्तू. उघडली तर काडीएवढं वाळलेलं किडं. डोकं, पाय, समदं जिथल्या तिथं, आनि डोक्यातनं गवताचा कोंब आलेला. फोननं नीट सांगितलं, डोंगरात ही अळी जमिनीखाली मरती आनि तिच्यातनं बुरशी उगवती. मला समदं समजलं. समजलं न्हाई असं म्हनाय मला लय आवडलं असतं.

आमच्यात पानी गाळून पित्यात, त्यात जीव असंल म्हनून. सुनंदा तर मुंगी दिसली की वाट सोडती. आनि मी ते किडं कँटीनच्या मिक्सरमधी घातलं, बारीक पूड केली, पुडीत बांधली आनि मला भेटाय आलेल्या दादाबरोबर धाडली. सांगितलं, पाला हाय. तिनं इचारलं बी न्हाई कसला.

अकरा दिवसांनी दादाचा फोन. "आरं, रक्ताच्या तपासणीत लिवरचं आकडं वाढल्यात. केमो थांबवली. डॉक्टर इचारत्यात आनखी काय घेता का. सुनंदा म्हनती कायच न्हाई."

माझ्यासाठी खोटं बोलत हुती ती. जी मुंगीला वाट देती ती.

मी मिळंल ती एसटी धरली, दादाला पिशवी आनि पुडी घेऊन याय सांगितलं. सांगलीला डॉक्टर बाईंच्या टेबलावर समदं नेऊन ठेवलं, आनि पुडीत काय हाय तेबी सांगितलं. बाईंनी पूड बोटानं बाजूला सारली. म्हनल्या, "लिव्हर कशामुळं बिघडलं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. केमोनंही होतं, यानंही होऊ शकतं. म्हणून तर आम्हाला माहीत पाहिजे. ताकद वाढते म्हणतात, पण आमच्या औषधाबरोबर ते काय करेल ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. हे सगळं आजच बंद. आणि त्यांना काय पाजलंत, ते तुम्हीच सांगायचं."

भायेर बाकड्यावर सुनंदा डोक्याला पदर गुंडाळून बसलेली. केस गेलतं, मला म्हाईत न्हवतं. फोनवर केस दिसत न्हाईत. मी सांगितलं.

तिनं डोळं मिटलं, हात जोडलं. व्हट हलत हुतं. लय येळ. मग इचारलं, "म्हाईत हुतं तुमास्नी?"

"व्हय."

"मला ठार फसवलंत." आवाज चढवला न्हाई तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. मग म्हनली, "ह्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागंल. उपास मला डॉक्टर करू देनार न्हाईत."

"मी करतो. वर्सभर तूप सोडतो," मी म्हनलं.

"तिकडं तूप कोन वाढतंय तुमाला?"

शेवटी मीठ सोडलं, सहा महिनं. कँटीनमधी आमटी चाखनारा मीच. त्या सहा महिन्यात कारखान्यानं काय काय खाल्लं, ते त्यांचं त्यांस्नी म्हाईत.

लिऊ सायबाला समदं सांगितलं. त्यानं फोन खिशात घातला आनि त्या दिवशी आपलं ताट आपनच उचललं. नंतर त्यो त्याच्या देशाला गेला. साडेपाचला परत पंखा बंद.

तीन आठवड्यांनी आकडं खाली आलं, केमो परत चालू झाली. आता मी प्रत्येक येळंला जातो. सकाळी पोचतो, तिच्या शेजारी पिलास्टिकच्या खुर्चीवर बसतो, थेंब मोजतो. चक्कर येती, मग मुंडी खाली घालून बसतो. अजून दोन राहिल्यात. पुढं काय, ते डॉक्टर बाई बी सांगत न्हाईत आनि मी बी इचारत न्हाई.

परवा असाच बसलो हुतो. खंडाळ्याची खोली माझी वाटत न्हाई, आनि पलूसला गेलो तर दादाची पोरं मला पाव्हना आला म्हनत्यात. मी तिचा हात धरला आनि म्हनलं, "सुनंदा, आता माझं घर म्हंजे ही खुर्ची. तू असशील तिथं माझं घर."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "घर म्हनं. आवं, तीनची गाडी हाय तुमची. उठा, न्हाईतर चुकंल."